दोघांनाही मुतखडाच, मग पथ्य वेगळं का?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकला की आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या तरी कुशीत कळ उठतेच. गेल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांच्या अंतराने दोघं आडवे झाले, काका आणि माझा मेव्हणा. सोनोग्राफीत दोघांनाही मुतखडा. घरच्यांनी पथ्यही एकच लावलं : टमाटे बंद, पालक बंद, दूध-ताक बंद, वांगं बंद. वांगं बंद म्हणजे भरीत बंद. खानदेशी माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

खडे मात्र दोन जातींचे निघाले. काकांनी लघवी चहाच्या गाळणीतून गाळली होती (गाळणी काकूंनी त्याच दिवशी फेकली). खडा ज्वारीच्या दाण्याहून लहान, काळपट तपकिरी, चिमटीत धरला तर टोचणारा. मेव्हण्याचा पिवळट नारिंगी, गुळगुळीत. लॅबमध्ये तपासल्यावर कळलं, काकांचा कॅल्शियम ऑक्झलेटचा आणि मेव्हण्याचा यूरिक ॲसिडचा. पहिली जात सगळ्यात जास्त आढळते.

नावातच कॅल्शियम आहे, म्हणून दूध तोडायचं. हा हिशेब सरळ वाटतो आणि तिथेच फसतो. पालक, अळू, बीट, बदाम, काजू, तीळ यांत ऑक्झलेट हे द्रव्य भरपूर. त्याच जेवणात वाटीभर ताक असलं, की त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं आणि दोघं शौचावाटे बाहेर पडतात. ताक तोडलं की मोकळं राहिलेलं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं, आणि तिथल्या कॅल्शियमशी जुळून खडा धरतं. इटलीत १२० पुरुषांवर पाच वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मीठ आणि मांस कमी करून कॅल्शियम नेहमीएवढंच घेणाऱ्यांना पुन्हा खडा होण्याचा धोका, कॅल्शियम तोडणाऱ्यांच्या जवळपास निम्म्यावर आला. कॅल्शियमच्या गोळ्यांचं वेगळं. त्या घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून, जेवणाबरोबर.

काकांच्या ताटातला खरा चोर मीठ होतं. मीठ जास्त झालं की मूत्रपिंड सोडियमबरोबर कॅल्शियमही लघवीत सोडतं. ठेचा, पापड, बिबडे, लोणचं, शेवभाजीतली शेव... यादी यांची करायला हवी होती, आणि बदनाम झाले टमाटे. टमाट्यात ऑक्झलेट अगदी थोडं. राहिली बियांची गोष्ट, तर टमाट्याची काय नि वांग्याची काय, बी मूत्रपिंडापर्यंत पोचतच नाही.

मेव्हण्याचं दुखणं निराळं. त्याचा साधा एक्स-रे कोरा आला होता, कारण निव्वळ यूरिक ॲसिडचा खडा त्यात दिसत नाही. हा खडा धरतो तो लघवी फार आम्लधर्मी, म्हणजे पीएच साडेपाचच्या खाली राहिली की. वाढलेलं वजन, डायबेटिस आणि मांसाहार तिला तिकडे ढकलतात. रक्तातलं यूरिक ॲसिड नॉर्मल असलं तरी खडा होऊ शकतो. दर रविवारी काळ्या मसाल्याचं मटण, त्याआधी चाखण्याला कलेजी, आणि 'बिअरने खडा वाहून जातो' ही पक्की श्रद्धा. बिअरने यूरिक ॲसिड उलट वाढतं. पालक-ताक बंद करून त्याला काहीच फायदा होणार नव्हता. एक बरं, हा खडा पोटॅशियम सायट्रेटने विरघळू शकतो. पण औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. काकांच्या जातीचा खडा असा विरघळत नाही.

पाण्यापाशी मात्र दोघांचं पथ्य एक. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी. केळीच्या बागेत दिवसभर घाम गाळणाऱ्याला 'आठ ग्लास' कुठून पुरणार? लघवीचा रंग पाहावा, गर्द पिवळी असली तर पाणी कमी पडतंय. लिंबूपाणी दोघांनाही चालतं, साखर-मीठ न घालता. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल त्यांनी पाण्याचं माप डॉक्टरांकडून घ्यावं. कळेबरोबर थंडी-ताप आला किंवा लघवी थांबली, तर घरगुती काढ्यांत वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघं शेजारी जेवायला बसले. मांडे, आमरस, आणि काकूंनी मुद्दाम केलेलं भरीत. काकांच्या ताटात ताक परत आलं होतं, पापड मात्र नव्हता. मेव्हण्याने आपला पापड मोडला, काकांकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, खडा बदलायचा का?"