पाइपद्वारे फायलींचे एकत्रीकरण व संपीडन

युनिक्स व लिनक्स प्रणालींत एका कमांडचे आउटपुट मधल्या फायलीत न साठवता थेट दुसऱ्या कमांडला पुरवून अनेक फायली एकत्र बांधण्याची आणि त्यांचा आकार घटवण्याची पद्धत. डग्लस मॅक्इलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडलेली पाइपची कल्पना केन टॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये प्रत्यक्षात आणली.

फायली बांधण्याचे काम टार करते. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतून (१९७९) आलेली ही आज्ञावली मुळात चुंबकीय फितीसाठी असल्याने प्रत्येक फायलीची माहिती आणि मजकूर ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत एकापाठोपाठ लिहिते. मागे वळून दुरुस्ती करावी लागत नसल्यामुळेच ती पाइपला सोयीची ठरते. टार आकार मात्र कमी करत नाही. ते काम जाँ-लू गेली व मार्क अ‍ॅडलर यांचे जीझिप (१९९२) करते. आधीच्या ३२ किलोबाइटांत येऊन गेलेला तुकडा पुन्हा आढळला, तर ते तो पुन्हा न लिहिता त्याचे अंतर व लांबी नोंदवते आणि मग त्यावर हफमन संकेतन (वारंवार येणाऱ्या चिन्हांना लहान संकेत देण्याची रीत) चालवते. त्यामुळे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्नची (साचा घडवण्याच्या नमुन्याची) रेखाचित्रे मजकूररूपी डीएक्सएफ फायलींत असतील, तर ती चांगलीच आटतात. कास्टिंगचे जेपेग फोटो आधीच संपीडित असल्याने जवळजवळ तेवढेच राहतात.

टारला आउटपुट फायलीच्या नावाच्या जागी आडवी रेघ (-) दिली की ते फायलीऐवजी प्रमाण आउटपुटच्या प्रवाहात लिहू लागते. पुढे उभी रेघ (|) आणि जीझिप, त्यानंतर > हे चिन्ह व नव्या फायलीचे नाव येते. दोन्ही आज्ञावल्या एकाच वेळी चालतात. लिनक्समध्ये पाइपची क्षमता सहसा ६४ किलोबाइट असते आणि ती भरली की लिहिणारी आज्ञावली थांबून राहते, म्हणून कित्येक गिगाबाइटांचा बॅकअपही थोड्या मेमरीत पार पडतो. शेवटी > ऐवजी एसएसएचची (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या कमांडची) जोड दिल्यास तो स्थानिक डिस्कवर जागा न घेता परगावच्या संगणकावर उतरतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या कोल्हापुरात पूररेषेतल्या कार्यालयाची एकमेव प्रत त्याच टेबलाखाली ठेवण्यात तसाही अर्थ नाही.

पद्धतीतील खरी उणीव अपयश लपण्याची आहे. कमांड चालवणारे बॅश शेल सामान्यतः शेवटच्या कमांडचाच निकाल कळवते. टार अर्ध्यात बंद पडले तरी जीझिप हाती आले तेवढे दाबून काम यशस्वी झाल्याचे सांगते. यासाठी बॅशमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू करावा लागतो. जीझिपची स्वतःची तपासणीही येथे अपुरी पडते, कारण ती फक्त दाबलेला प्रवाह धड आहे की नाही एवढेच पाहते. संग्रह उलगडून टारकडून फायलींची यादी काढणे आणि ती मूळ फोल्डरशी ताडून पाहणे अधिक भरवशाचे. शिवाय > हे चिन्ह कमांड सुरू होण्यापूर्वीच जुनी फाईल रिकामी करते, म्हणून रोजच्या बॅकअपच्या नावात तारीख घालावी.