कॅनॉलच्या पाण्यात बांबू का थरथरतो

लहानपणी मामाच्या गावी कॅनॉलला आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने सोडतात ते पाणी, सुटलं की आम्ही पोरं कडेला बसून बांबू पाण्यात उभा धरायचो. पाणी तसं संथच, माणूस रमतगमत चालतो तेवढ्या वेगाचं, पण बांबू हातात थरथरायला लागायचा आणि तो पाण्याच्या धारेत मागेपुढे नाही तर आडवा हलायचा, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. घट्ट धरला की पार कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. मामाला विचारलं तर तो म्हणाला, "पाण्याला ताकद असती बाबा." ताकद असते हे खरंच, पण पाणी सरळ चाललेलं असताना ती आडवी का लागते हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून हा विषय काही डोक्यातून गेलेला नाही.

होतं असं की गोल वस्तूला वळसा घालून जाताना पाणी तिच्या मागच्या बाजूला चिकटून राहू शकत नाही, ते सुटतं आणि सुटता सुटता गुंडाळलं जाऊन त्याचा भोवरा होतो. एक भोवरा डावीकडून सुटला की पुढचा उजवीकडून, मग परत डावीकडून. ज्या बाजूला भोवरा तयार होत असतो तिकडचा दाब कमी होतो, बांबू तिकडे ओढला जातो, लगेच दुसऱ्या बाजूची पाळी येते. पावसाळ्यात पुलाच्या खांबामागे बघा, ही भोवऱ्यांची रांग नुसत्या डोळ्यांनी दिसते. थिओडोर फॉन कार्मान या शास्त्रज्ञांनी १९११-१२ च्या सुमारास तिचं गणित मांडलं म्हणून ती त्यांच्या नावानं ओळखली जाते.

एका बाजूने भोवरे सेकंदाला किती सुटणार याचा हिशोब तर फारच सोपा आहे, प्रवाहाचा वेग भागिले वस्तूची जाडी, आणि जे येईल त्याला साधारण ०.२ ने गुणायचं. पाणी सेकंदाला १ मीटर चाललंय आणि बांबू ४ सेंटिमीटर जाड आहे म्हणजे सेकंदाला ५ हेलकावे, हाताला जाणवायचे ते हेच. हाच हिशोब वाऱ्याला लावा. २ मिलिमीटरची तार, सेकंदाला ५ मीटर वारा, उत्तर येतं ५००, म्हणजे कानाला स्वच्छ ऐकू येणारा सूर! माळावर तारा गुणगुणतात त्या यामुळे.

इंजिनियर लोकांना मात्र हा प्रकार कायम नकोसा वाटत आलाय, कारण सतत थरथरून धातू थकतो आणि तुटतो. मोठ्या टॉवरलाईनच्या तारांवर, टॉवरजवळ, छोटे डंबेल लटकवल्यासारखे दिसतात ना, ते ही थरथर शोषून घ्यायला लावलेले असतात. कारखान्यांच्या काही पोलादी धुराड्यांच्या वरच्या भागाला स्क्रूच्या आट्यांसारखी पट्टी गुंडाळलेली असते, तीसुद्धा भोवरे एका तालात सुटू नयेत म्हणूनच. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० ला वाऱ्यात पिळवटून पडला त्याची फिल्म बऱ्याच जणांनी बघितली असेल. पण तिथे शेवटचा घाव नुसत्या भोवऱ्यांच्या तालाचा नव्हता, पूल एकदा पिळायला लागल्यावर त्याच्या पिळण्यानेच वारा त्याला आणखी ताकद देत गेला, त्याला फ्लटर म्हणतात. शाळेत मात्र अजून रेझोनन्स, म्हणजे वाऱ्याचा ताल पुलाच्या स्वतःच्या तालाशी जुळणं, म्हणूनच शिकवतात, ते बदलायला हवं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. मिशिगन विद्यापीठातले मायकेल बर्निट्सास समुद्रातल्या तेलाच्या पाईपांची हीच थरथर बंद कशी करायची यावर कितीतरी वर्षं काम करत होते, आणि मग त्यांनी उलटा विचार केला की बंद कशाला करायची, वाढवू आणि तिच्यातून वीज काढू. त्यांच्या यंत्राचं नाव 'व्हिवाचे' (VIVACE). आडवी नळकांडी पाण्यात स्प्रिंगवर बसवायची, भोवरे त्यांना वरखाली हलवतात, त्या हलण्यावर जनरेटर चालतो. पंखा नाही, धरण नाही. साध्या टर्बाईनला नीट चालायला ताशी ९-१० किलोमीटरचा प्रवाह लागतो, हे यंत्र ताशी ४ किलोमीटरच्या खालीही हलतं, आणि जगातलं बरंचसं वाहतं पाणी संथच असतं. नंतर त्यांनी नळकांड्यांवर सँडपेपरसारख्या खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे अंगालगतचं पाणी मुद्दाम खवळवलं, तर हेलकावे कमी व्हायच्या ऐवजी वाढले आणि वेगाच्या जास्त मोठ्या टप्प्यात चालू राहिले. खऱ्या नदीचा वेग कधीच एकसारखा नसतो त्यामुळे ही गोष्ट फार कामाची आहे.

मासे हे आधीपासून करत आलेत. हार्वर्डमधल्या प्रयोगात ट्राऊट मासे खांबामागच्या भोवऱ्यांमध्ये अंग नागमोडी सोडून देतात आणि स्नायू फारच कमी वापरतात असं २००३ मध्ये दिसलं. २००६ मध्ये तर मेलेला ट्राऊट तसाच भोवऱ्यांत ठेवला, आणि तो प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला पुढे गेला! मेलेला मासा, हो. त्याचं लवचिक शरीर भोवऱ्यांच्या तालावर हललं आणि पाण्यातल्याच ऊर्जेवर पुढे सरकलं. मला हे पहिल्यांदा वाचल्यावर त्या रात्री नीट झोप आली नव्हती.

वाऱ्यासाठी स्पेनमधल्या व्होर्टेक्स ब्लेडलेस या कंपनीने बिनपात्यांचा डुलणारा खांब काढलाय, गिअर नाही, ऑईल नाही. पण त्यातून मोठ्या पवनचक्कीएवढी वीज मिळेल अशी आशा करू नये, कारण पाती जेवढं आभाळ घुसळतात तेवढं डुलणारा खांब घुसळू शकत नाही.

पाण्यालाही मर्यादा आहेच. सेकंदाला १ मीटर वाहणाऱ्या पाण्यात एक चौरस मीटर जागेतून एकूण ५०० वॅट ऊर्जा जाते, वेग निम्मा झाला तर ती निम्मी नाही तर आठव्या हिश्श्यावर येते, म्हणजे ६२ वॅट, आणि त्यातलाही काही भागच हाती लागणार. वर शेवाळ, जलपर्णी, वाहून आलेली लाकडं, आणि आपल्याकडे कॅनॉलला पाणी असतं ते आवर्तनापुरतंच. म्हणून यातून गावं उजळतील असं मी म्हणणार नाही. पण पाटाच्या कडेचा एखादा दिवा, पाण्याची पातळी मोजून मोबाईलवर पाठवणारा सेन्सर, एवढं चालवायला थोडे वॅट पुरतात, आणि आवर्तन चालू असतानाच तर पातळी मोजायची असते. आपल्या इंजिनियरिंग कॉलेजांनी प्रोजेक्टसाठी हे घ्यावं असं मला फार वाटतं, एक पीव्हीसी पाईप, दोन स्प्रिंगा, चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी, सुरुवातीला एवढंच सामान लागतं आणि कॅनॉल बऱ्याच कॉलेजांच्या जवळच असतो.