धामापूरचं तळं, वायंगणी शेत आणि हिवाळी पाहुणे

डिसेंबर लागला की सिंधुदुर्गात, मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तळ्याकाठी गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं दिसू लागतात. बहुतेकांची पहिली सकाळ हिरमुसलेली जाते. उजनीवर बदकांचे थवेच्या थवे पाहिलेला माणूस भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर तासभर बसतो आणि हाती लागतात चार टिबुकल्या, एक पाणकावळा, फार तर समोरून सूर मारणारा खंड्या. एवढं पाणी, मग बदकं कुठायत? मलाही पहिल्यांदा हाच प्रश्न पडला होता. उत्तर तळ्याच्या जन्मात आहे.

हे तळं माणसाने बांधलेलं. विजयनगरच्या काळात, १५३० साली, मांडलिक नागेश देसाई यांनी बांध घालून डोंगरातलं पाणी अडवलं. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण जांभ्याच्या भोकांतून पाणी झिरपतं, उरलेलं व्हाळांतून समुद्र गाठतं. दिवाळीनंतर भाताला पाणी हवं तर ते असंच धरून ठेवायला लागायचं. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने धामापूरला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतलं, तेही या सिंचनासाठी. तळ्याची दंतकथा सगळ्यांना पाठ असते: लग्नघरातून फुलांची परडी पाण्यात सोडली की देवी दागिने द्यायची, आणि कुणीतरी ते परत केले नाहीत म्हणून देणं बंद झालं. पक्ष्यांबद्दल मात्र दंतकथेत अवाक्षर नाही.

डोंगरांमध्ये अडवलेलं पाणी काठापासूनच खोल जातं, आणि काठाला गच्च झाडी. थापट्या किंवा तलवार बदक अशा हिवाळी पाहुण्यांना लागतो उथळ चिखल, तोच इथे तोकडा. उलट अडई आणि काणूक यांना झाडांची ढोली घरट्याला चालते, म्हणून इथली बदकं म्हणजे मुख्यतः हीच, बाराही महिने इथलीच. हिवाळ्यातला खरा पाहुणा हवा असेल तर वर बघायचं. कैकर हा शिकारी पक्षी पाण्यावर घिरट्या घालतो, क्षणभर जागीच फडफडतो आणि पाय पुढे करून मासा उचलतो. खोल पाणी त्याला अडवत नाही.

पक्ष्यांची लेखी नोंद तळ्याच्या मानाने अगदी कालची. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी १८८० साली पक्षी अभ्यासक ए. ओ. ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला, म्हणून जुन्या नोंदी शोधणाऱ्याने रत्नागिरीखालीच बघावं. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीने पाडायचा. हिवाळा हा शिकारीचाही हंगाम होता, आणि तो कायद्याने आवरला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने.

बंदूक खाली ठेवून नुसतं बघत बसायची रीत कोकणातच एका घराच्या अंगणाशी रुजली. १९३०च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सालिम अली सुगरणींच्या वसाहतीपुढे ठाण मांडून बसले आणि नर एकापाठोपाठ एक घरटी बांधून अनेक माद्यांशी संसार मांडतो, हे त्यांनी टिपलं. स्थलांतराचा माग मात्र एका आजारामुळे लागला, हे गमतीचं. १९५७ साली शिमोग्यात माकडतापाची साथ आली. गोचिड्या परदेशातून पक्ष्यांच्या अंगावरून आल्या असाव्यात असा संशय होता. त्यातून १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात मोठ्या प्रमाणावर कडी घालायला सुरुवात केली. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्याकडचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या वाढदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. पाहुणे स्थिरस्थावर होण्याचाच हा काळ. परीट पक्षी मात्र वाट बघत नाही, तो गणपतीच्या आसपासच शेपूट हलवत अंगणात हजर असतो.

गणनेला मी दोनदा बसलो आहे. अडई पाण्यावर गठ्ठ्याने बसतात, त्यातली निम्मी झोपलेली. शेजाऱ्याने शंभर म्हटलं, मी दीडशे, तेवढ्यात सगळी शीळ घालत उठली आणि दोघांचेही आकडे उडाले.

धामापूरला येणाऱ्याला मी आता सांगतो, तासभर तळं बघ, मग तळ्याकडे पाठ कर. वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतलेल्या भाताचे कोपरे, ज्यांच्यासाठी असं पाणी अडवलं जायचं, तिथे घोट्याएवढं पाणी असतं, आणि बदकांना तळ्यात न मिळणारा चिखल तुतवारांसारख्या छोट्या पाणपक्ष्यांना, परटांना, बगळ्यांना तिथे मिळतो. अलीकडे वायंगण करणारी घरं कमी झाली, बरेच कोपरे पडीक आहेत. ज्यात पाणी आहे त्याच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, हळू चालायचं. दोन पावलांवरचं ढेकूळ अचानक खरखरीत आवाज करतं आणि नागमोडी वळणं घेत पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उतरतं. तो पाणलावा.