रुंद बोट उलटली तर?

शिडाच्या बोटींबद्दल दोन समजुती पक्क्या आहेत. जुन्या जड बोटी उलटत नाहीत, ही एक. बोट जितकी रुंद तितकी सुरक्षित, ही दुसरी.

पहिलीचा निकाल 2018च्या गोल्डन ग्लोब या एकट्यानं, न थांबता जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत लागला. तिथे सगळ्याच बोटी जुन्या आराखड्याच्या, लांब कीलच्या (कील म्हणजे तळाखाली उतरणारा वजनदार कणा), 32 ते 36 फुटी होत्या. भारतीय खलाशी अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही गोव्यात बांधलेली बोट म्हणजे 1960च्या दशकात मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहैली’ची प्रतिकृती. दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. त्या शर्यतीत एकूण पाच बोटींनी डोलकाठी गमावली.

दुसरी समजूत जास्त घातक आहे, कारण ती अर्धी खरी आहे.

बोटीचं वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढतं, तर प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलतं. बोट कलली की गुरुत्वमध्य जागेवरच राहतो, पण बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि प्लावक बलाचा मध्य कललेल्या बाजूला सरकतो. या दोन उभ्या रेषांमधलं आडवं अंतर म्हणजे बोट सावरणारी भुजा. 5 टनांच्या बोटीत ही भुजा 60 सेंटिमीटर असेल, तर सावरणारं आघूर्ण, म्हणजे फिरवणारा जोर, 3 टन-मीटर.

रुंद बोटीत तो मध्य भराभर सरकतो, म्हणून 15-20 अंशांपर्यंत ती ताठ उभी राहते आणि चहाचा कप टेबलावरून घसरत नाही. अरुंद जुनी बोट वाऱ्याच्या पहिल्या झोतालाच कलते आणि नवख्याला घाबरवते. पण कलणं वाढत जातं तसं रुंदीचं काम संपतं आणि खाली, खोलवर असलेल्या वजनाचं काम सुरू होतं. पुढे एका कोनाला भुजा शून्य होते; त्याला शून्य-कोन म्हणू. त्यापलीकडे तीच भुजा बोटीला उलटं करते, आणि पूर्ण उलट्या अवस्थेत रुंदी पुन्हा स्थैर्य देते. पाण्यावर पडलेली फळी कुठल्याही बाजूनं स्थिरच असते, तसं.

1970च्या सुमाराची कॉन्टेसा 32 ही 32 फुटी शिडाची बोट घ्या. रुंदी 2.9 मीटर, वजन साधारण सव्वाचार टन आणि त्यातलं जवळजवळ निम्मं तळाशी. तिचा शून्य-कोन 155 अंशांच्या आसपास येतो, म्हणजे उलटलीच तर पुढच्या लाटेच्या धक्क्यानं ती सरळ होते. 1979च्या फास्टनेट या ब्रिटनमधल्या सागरी शर्यतीत, जिथे वादळात 15 खलाशी गेले, उलटलेल्या एका हलक्या आणि रुंद शर्यती बोटीचा हाच कोन 117च्या आसपास निघाला. बोटींच्या स्थैर्याच्या आजच्या आयएसओ 12217 या आंतरराष्ट्रीय मानकात खुल्या महासागराच्या ‘अ’ श्रेणीसाठी किमान शून्य-कोनाचं सूत्र आहे: 130 उणे बोटीच्या किलोग्रॅममधल्या वजनाचा 0.002 पट, पण 100च्या खाली नाही. 5,000 किलोच्या बोटीला 120 अंश पुरतात. जाहिरातीत ‘अ श्रेणी’ ठळक छापतात; हा कोन मात्र विक्रेत्याकडे मागावा लागतो. तो मागाच.

शिवाय ते गणित कारखान्यातल्या बोटीचं. नंतर डोलकाठीत शीड गुंडाळण्याची यंत्रणा बसवली आणि गुरुत्वमध्यापासून सरासरी 7 मीटर उंचीवर 40 किलो वाढले, तर 5 टनांच्या बोटीचा गुरुत्वमध्य साधारण साडेपाच सेंटिमीटर वर जातो. 90 अंशांना भुजा तेवढीच कमी होते. वर रडार, मागच्या कमानीवर सौर पॅनेल आणि टांगलेली छोटी होडी, हे सगळं त्याच खात्यात.

इथे एक उलटं वाटणारं सत्य आहे. फुटती लाट म्हणजे क्षणिक तडाखा, आणि तडाख्याला अडवतं ते फिरण्याविरुद्धचं जडत्व. डोलकाठीचं वजन अक्षापासून लांब असल्यानं या जडत्वातला मोठा वाटा तिचाच. ती मोडली की गुरुत्वमध्य खाली येतो, पण बोट पुढच्या लाटेत जास्त सहज फिरते. फास्टनेटनंतर साउथहॅम्प्टनला प्रतिकृतींवर झालेल्या चाचण्यांत दिसलं, की लाटेला आडव्या असलेल्या बोटीला तिच्या लांबीच्या सुमारे 30 टक्के उंचीची फुटती लाट उलटवू शकते आणि 60 टक्क्यांची जवळपास कुठल्याही आराखड्याला. म्हणून वादळात लाटेला कड न देणं हे आराखड्याइतकंच महत्त्वाचं.

वेगात नवी बोट सरस. जलरेषा, म्हणजे पाण्याच्या पातळीवरची बोटीची लांबी, 24 फूट असेल तर कमाल वेग सुमारे 6.6 नॉट (तासाला सागरी मैल), त्याच लांबीत उभ्या नाळेमुळे (पुढच्या टोकामुळे) जलरेषा 30 फूट झाली की 7.3. अंदाज पाहून वादळाआधी बंदर गाठणं हीसुद्धा सुरक्षितताच. उलट कोकण किनाऱ्यावर रात्री मासेमारीच्या जाळ्यांतून जाताना लांब कीलखालून दोर घसरून जातो. नव्या बोटीत तो कील आणि सुट्या सुकाणूच्या मधे अडकून पंख्यात जातो.

बोटीचं नाव बदललं की अपशकुन होतो, असं खलाशी आजही मानतात. कील मात्र गंजलेल्या बोल्टांमुळे आणि खडकावर आपटून सुटलेल्या आतल्या चौकटीमुळे निखळते. 2014मध्ये अटलांटिकमध्ये ‘चीकी राफिकी’ या शिडाच्या बोटीची कील अशीच निखळली आणि चौघं गेले, चौकशीत आधीच्या आपटण्यांकडे बोट दाखवलं गेलं. बोट कुठेही टेकली असेल तर ती पाण्याबाहेर काढा. कील आणि तळ यांच्या सांध्यात, विशेषतः पुढच्या टोकाशी, चीर आहे का, त्यातून गंजाचं पाणी ओघळतं का पाहा. मग आत, तळफळ्या उचलून, कीलच्या मागच्या टोकाच्या वरचा भाग तपासा. जमिनीवर आपटल्यावर कील तिथेच वर दाबली जाते, आणि चौकट तळापासून सुटायला लागते ती बहुधा तिथून.