गुणू की भागू?

मापं बदलायची उदाहरणं सुरू झाली की वर्गातून हमखास आवाज येतो, "बाई, गुणू की भागू?" उत्तरही ठरलेलं असतं: मोठ्याचं लहान करताना गुणायचं, लहानाचं मोठं करताना भागायचं. नियम खरा आहे, पण पेपरात तो नेमका उलटा आठवतो. लहान करायचं आणि गुणायचं, हे मुलांना उफराटं वाटतं आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

त्यापेक्षा त्यांना धान्य मोजायला बसवावं. चार शेरांची एक पायली. ज्वारीची रास ५ पायल्या भरली. तीच शेराने मोजली तर शेर २० वेळा भरावा लागेल. ज्वारी एका दाण्यानेही वाढलेली नाही. माप लहान, म्हणून खेपा जास्त. गुणाकार-भागाकाराच्या आधी विचारायचा प्रश्न हाच: नवं माप मोठं की लहान, आणि मग आकडा वाढणार की घटणार?

वेगाच्या गणितात दोन मापं एकदम बदलतात, म्हणून ५/१८ आणि १८/५ यांत गोंधळ होतो. गाडी तासाला ७२ किलोमीटर जाते. किलोमीटरचे मीटर केले की आकडा १००० पट वाढतो. पण तासाभरात कापलेलं अंतर ३६०० सेकंदांत वाटलं जातं, म्हणजे तिथे भागायचं. १०००/३६०० म्हणजेच ५/१८. उत्तर सेकंदाला २० मीटर. उलटं केलं तर २५९ मीटर येतात, आणि तो वेग विमानाचा झाला!

अशी चूक निदान डोळ्यांना दिसते. जमिनीच्या मापात तीही सोय नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि गावात बोलणं चालतं गुंठ्यांत. आर म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस, १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, १०८९ चौरस फूट. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर. गुंठ्याची बाजू आरपेक्षा जेमतेम तीन बोटं जास्त! त्यामुळे गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर, आणि बहुतेक जण आर आणि गुंठा एकच धरून चालतात.

आता ८० आरचे गुंठे किती? गुंठा थोडा मोठा, म्हणजे आकडा थोडा घटला पाहिजे. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर. पण घाईत १.०११७ ने गुणलं तर ८०.९४ येतात आणि भागलं तर ७९.०७. दोन्ही उत्तरं सारखीच खरी वाटतात. इथे आकड्यांबरोबर मापांची नावंही लिहावीत. ८० आर म्हणजे ८००० चौरस मीटर. एका गुंठ्यात १०१.१७ चौरस मीटर. भागलं की वरचे-खालचे चौरस मीटर उडतात आणि गुंठे उरतात. गुणलं तर चौरस मीटर दोनदा येऊन बसतात आणि गुंठा खाली अडकतो. असं कुठलं मापच नाही, म्हणजे गणित तिथेच चुकलं.

त्या दोन उत्तरांतला फरक जवळपास १.९ गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे २००० चौरस फुटांचा आहे. तेवढ्या जागेत अंगणासकट घर उभं राहतं.