पायाखालची जमीन आणि पैशामागची जमीन

अमेरिकेतील विद्यापीठे मूळ रहिवाशांच्या हिरावलेल्या जमिनीवर उभी आहेत असे म्हटले, की बहुतेकांना तेथील कॅम्पसच आठवतो. प्रत्यक्षात ज्या जमिनीवर इमारती आहेत ती आणि जी विकून विद्यापीठाचा निधी उभा राहिला ती, या पुष्कळदा दोन निरनिराळ्या जमातींच्या जमिनी असतात.

न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाचा कॅम्पस त्याचे संस्थापक एझरा कॉर्नेल यांच्या शेतावर वसला. तो परिसर मूळचा कायुगा जमातीच्या लोकांचा. 1779 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हुकमावरून जनरल सलिव्हन यांच्या फौजेने त्यांची गावे, मक्याची शेते आणि फळबागा जाळल्या.

दुसरी जमीन तिथून हजाराहून अधिक किलोमीटर दूर, विस्कॉन्सिनमध्ये आहे. 1862 च्या मॉरिल कायद्याने प्रत्येक राज्याला संसदेतील त्याच्या दर सदस्यामागे 30,000 एकर जमीन महाविद्यालयांसाठी दिली. न्यूयॉर्कमध्ये सरकारी जमीन नसल्यामुळे त्याला इतरत्र वापरता येतील अशी हक्कपत्रे मिळाली. अनेक राज्यांनी ती मिळेल त्या भावाने विकली, पण एझरा कॉर्नेल पक्के व्यवहारी निघाले. त्यांनी हक्कपत्रांवर चिप्पेवा नदीच्या खोऱ्यातील पाइनची सुमारे पाच लाख एकर जंगले निवडली आणि भाव चढेपर्यंत ती राखली. लाकूड व जमीन विकून विद्यापीठाला पुढे सुमारे 50 लाख डॉलर मिळाले. या खोऱ्यातील जमीन ओजिब्वे जमातीच्या लोकांनी 1837 च्या तहाने सोडली होती, तीही शिकार, मासेमारी आणि रानटी भात गोळा करण्याचा हक्क राखून.

समारंभाच्या आरंभी मूळ मालकांचे स्मरण करणारे निवेदन वाचण्याची जी प्रथा आता रूढ झाली आहे, तिच्यात सहसा कॅम्पसखालच्या जमातीचेच नाव येते. ज्यांच्या जंगलावर तिजोरी भरली ते परराज्यातले म्हणून सुटून जातात. मूळ रहिवासी विद्यार्थ्यांच्या शुल्कमाफीचेही तेच: मिनेसोटा विद्यापीठाने 2022 मध्ये आपल्या राज्यातील जमातींसाठी अशी योजना आणली, परंतु राज्याची हद्द हीच मोजपट्टी धरली, तर ओजिब्वेंचा कॉर्नेलवरील दावा उभाच राहत नाही.

जमीन विकली गेली, आता परत काय देणार, हा आक्षेप विकलेल्या जमिनीला एकवेळ लागू पडेल. मॉरिल कायद्याची मात्र अटच अशी होती, की विक्रीचे मुद्दल कायम राखून केवळ व्याज खर्चावे. साउथ डकोटा स्टेट विद्यापीठाने या कायद्याने मिळालेल्या जमिनींचे उत्पन्न मूळ रहिवासी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाकडे वळवले आहे; जिथे जमीन गेली, तिथेही मुद्दलाचा हिशेब विद्यापीठांच्या वह्यांतच आहे.