वजन उतरतं, तेव्हा मेंदू काय बंद करतो?

खाण्याचे विकार म्हणजे मुलींचा प्रश्न, हा समज मला घातक वाटतो. जिम्नॅस्टिक्स, फिगर स्केटिंग, डायव्हिंग यांत मुलांनाही भरलेले खांदे हवेत आणि अंगावर चरबी नको. अमेरिकी स्केटर अ‍ॅडम रिपननं २०१८ मध्ये सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी तो मुख्यतः दिवसाला ब्रेडच्या तीन स्लाइसवर राहत होता. हलकं शरीर हवेत लवकर गरकन फिरतं, हे खरंच आहे. पण त्याची किंमत कुठे मोजली जाते?

समजा, चरबी वगळून ५४ किलोचा खेळाडू २२०० कॅलरी खातो आणि सरावात ७०० जाळतो. उरलेल्या १५०० म्हणजे किलोमागे जेमतेम २८. निरोगी माणसाला साधारण ४५ लागतात. स्त्रियांवरच्या प्रयोगांत ३० च्या खाली संप्रेरकं (हॉर्मोन्स) ढासळताना दिसली. पुरुषांसाठी अशी पक्की रेषा अजून ठरलेली नाही.

आता मेंदूकडे वळू. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या काही चेतापेशी दर दीड-दोन तासांनी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीला जागं ठेवणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकाचा झोत सोडतात. झोतच हवा, अखंड धार नको. धार लागली तर पीयूषिका ग्रंथी गप्प होते. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पाडायला डॉक्टर हीच युक्ती वापरतात. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक मेंदूला शिधा किती उरलाय ते कळवतं. खाणं तुटलं की चरबी फारशी घटण्याआधीच, काही दिवसांत, लेप्टिन कोसळतं. जीएनआरएचच्या पेशींना हा निरोप थेट वाचता येत नाही, तो किसपेप्टिनच्या पेशींसारख्या मध्यस्थांमार्फत पोचतो. मग झोत विरळ होतात, पीयूषिकेतून वृषणांना चालना देणारं एलएच हे संप्रेरक कमी सुटतं आणि वृषणांतलं टेस्टोस्टेरॉन उतरतं. टेस्टोस्टेरॉनच्या काही भागापासून शरीर इस्ट्रोजेन बनवतं, आणि पुरुषाचं हाडही बरंचसं त्या इस्ट्रोजेनवरच टिकतं. म्हणून ताणानं हाडाला बारीक तडे जाण्याचा धोका वाढतो.

मुलींची पाळी चुकते, निदान शंका तरी येते. मुलांची कामेच्छा मंदावते, पण ते कोण कुणाला सांगणार? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीही हा ऊर्जेचा तुटवडा पुरुषांनाही होतो हे २०१४ मध्ये नव्या नावानिशी मांडलं. तोवर चर्चा मुख्यतः महिला खेळाडूंपुरतीच होती.

‘फॅट बर्नर’च्या डब्यांवर आणि घाम काढणाऱ्या प्लास्टिकच्या सूटवर विश्वास ठेवू नका. घामातून पाणी जातं, चरबी नाही. सतत थंडी वाजणं, चिडचिड, वारंवार दुखापती दिसल्या तर सकाळच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या. विशीच्या आतल्या मुलात तर उशीर नकोच, कारण हाडांचा बहुतेक साठा त्याच वर्षांत भरला जातो.